श्रुतिकेसाठी गाडीच्या आतले आवाज हवेत : इंडिकेटर, काच, घाट वगैरे (इंदूर)

लोकमान्यनगरची_रेवा · शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये आम्ही काही जण मिळून मराठी श्रुतिका करतो. सगळे नोकरी-धंदा सांभाळून. घरच्याच खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंग करायचं आणि झालेली फाइल ओळखीपाळखीत फोनवर पाठवायची, एवढाच व्याप. आता हाती घेतलेली श्रुतिका जवळजवळ पूर्ण गाडीत घडते. काळ १९९६, मे महिना. बाप आणि मुलगी रात्री इंदूरहून धुळ्याला लग्नाला निघालेत. गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. महू मागे पडतं, आणि मानपूरचा घाट यायच्या आधी बाप गाडी डावीकडे घेऊन इंजिन बंद करतो. इतकी वर्षं टाळलेलं बोलणं तिथे होतं. इंडिकेटर मात्र चालूच राहतो. मुलीला तो ऐकू येतोय, पण ती काही म्हणत नाही. शेवटी बाप तो बंद करतो.

म्हणजे सगळा प्रवेश त्या टिकटिकीवर उभा आहे. फुकटच्या संग्रहांमधून गाडीच्या आतल्या भरपूर क्लिप घेऊन ऐकल्या. सगळ्या परदेशी गाड्यांच्या. आत एवढी शांतता की गाडी चालू आहे की बंद तेच कळत नाही, आणि इंडिकेटर घड्याळाच्या गजरासारखा नेमका. एकीत दार उघडल्यावर मंजूळ घंटी वाजते. आमच्या बापाच्या पद्मिनीत घंटी कुठली!

विचारायचं आहे ते असं : त्या काळच्या गाडीचा इंडिकेटर नक्की कसा वाजायचा? स्वतः रेकॉर्ड करायचं तर कसं? आणि ऐकणाऱ्याला या सगळ्याने खरंच फरक पडतो का?

खोडकर_बंडू · रात्री १०:४१

१९९६ मध्ये एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) इंडिकेटर कोण देत होतं हो ताई? शेजारी बसलेल्याने काचेतून हात काढून हलवायचा, झालं. तेव्हाचं सोडा, आत्ता पलासिया चौकात कोण देतं ते दाखवा.

लोकमान्यनगरची_रेवा · रात्री १०:५०

बाप बँकेत कॅशियर आहे. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर देणाऱ्यांतला. पात्रच तसं लिहिलंय.

खोडकर_बंडू · रात्री १०:५२

मग चालेल. असे एक काका आमच्या वाड्यात होते.

वायरमन_महूनाका · रात्री ११:३०

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वडिलांपासून दुकान आहे. जुन्या फियाट आणि अँबॅसॅडर बऱ्याच हाताखालून गेल्यात, म्हणून लिहून राहिलोय.

त्या गाड्यांत फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, ही ॲल्युमिनियमची छोटी गोल डबी. खाली तीन पत्त्या : बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे दिवे, पी म्हणजे डॅशबोर्डवरचा छोटा बल्ब. आत इलेक्ट्रॉनिक काही नाही. एक बारीक तार ताणलेली असते, तिने पत्ती मागे ओढून धरलेली असते. इंडिकेटरची दांडी खाली केली की तारेतून करंट जातो, तार तापते, तापली की लांब होते, पत्ती सुटून पॉइंटला चिकटते आणि दिवे लागतात. आता करंट तारेला वगळून सरळ दिव्यांकडे जातो, तार थंड होते, आखडते, पत्ती परत ओढली जाते, दिवे विझतात. बस, हेच चालू राहतं.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी.

एक, दांडी पाडल्याबरोबर पहिली टिक येत नाही. तार तापायला क्षणभर लागतो. आधी दांडीचा ‘खट’, मग थोडी पोकळी, मग टिक. आताच्या गाडीत दांडी पाडली की लगेच वाजतं. तुम्ही नवा आवाज लावला तर जुना ड्रायव्हर तिथेच पकडेल.

दोन, आणि ही तुमच्या नाटकाला जास्त लागेल. चाल व्होल्टेजवर असते. इंजिन चालू असेल आणि चार्जिंग बरोबर असेल तर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. इंजिन बंद केलं की नुसती बॅटरी, १२ आणि वर थोडे. तार हळू तापते. म्हणून इंजिन बंद झाल्यावर टिकटिक जराशी मंदावते. बॅटरी जुनी असेल तर अजून. कायद्यात मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे असं आहे (केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०२). या डबीवाल्या गाड्या त्या हद्दीत आरामात इकडेतिकडे फिरतात, एक चाल धरून बसत नाहीत.

लोकमान्यनगरची_रेवा · रात्री ११:४४

दादा, हे सोनं दिलंत. इंजिन बंद केल्यावर मंदावते हे लेखकालाही माहीत नव्हतं आणि त्याने लिहिलेल्या प्रवेशात ते आपोआप बसतंय.

फुकटचा_सल्लागार · रविवार, सकाळी ८:०५

एवढा खटाटोप कशाला? लोक भांडी घासताना फोनच्या स्पीकरवर ऐकणार. त्यांना पद्मिनी आणि मर्सिडीज यातला फरक कळणार आहे का? नाहीतर आता एआयला सांगितलं की तो पाहिजे तो आवाज बनवून देतो. संवाद चांगले असतील तर बाकी सगळं चालून जातं.

कानसेन_बडोदा · सकाळी ९:३५

मी बडोद्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, मुख्यतः माहितीपट आणि थोडी नाटकं. वरच्या साहेबांचा फोनचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते नेमकं उलट.

फोनच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, फार थोडं बाहेर पडतं. आता हिशोब बघा. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेत असेल तर स्फोटांची वारंवारिता ८० हर्ट्झ. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, त्याची तेवढ्याच फेऱ्यांना ६०. म्हणजे इंजिनाची जी घरघर आपण गाडीत अंगाने अनुभवतो तिचा मूळ सूर फोनवर पोचतच नाही. उरते ती टायरची आणि वाऱ्याची ‘शूऽऽ’. चांगल्या बंदिस्त परदेशी गाडीची क्लिप लावलीत तर फोनवर नळ सोडल्यासारखं ऐकू येईल. ऐकणाऱ्याला पद्मिनी-मर्सिडीज कळणार नाही, कबूल. पण गाडी आहे हेच कळणार नाही त्याचं काय?

फोनवर गाडी उभी करतात ते बारीक आवाज. काचेची खडखड, गिअरचं कण्हणं, डॅशबोर्डच्या खणात सरकणारी चावी, सीटच्या स्प्रिंगा, मागच्या काचेजवळ ठेवलेली छत्री. हे सगळं हजार हर्ट्झच्या वर असतं आणि छोट्या स्पीकरमधून स्वच्छ निघतं. जुनी गाडी या बाबतीत श्रीमंत. इंडिकेटरची टिकही त्याच पट्ट्यात, म्हणून ती फोनवरही शाबूत राहते.

पण तिथेच एक धोका. ती टिक साधारण २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये जोरात असते आणि आपल्या बोलण्यातली च, त, ट, स ही व्यंजनंही तिथेच ओळखू येतात. टिक मोठी ठेवलीत तर ‘सांगितलंस’चा ‘स’ खाल्ला जाईल. ती हळू ठेवा, आणि मुख्य वाक्यांच्या आधीच्या विरामात थोडी वर येऊ द्या.

एआयबद्दल : बनवून बघितलंय. एकेक आवाज बरा येतो. पण दोन मिनिटं एकच गाडी, त्याच काचा, तेच इंजिन, आणि मध्ये दुसऱ्याचा तिसरा गिअर, असं सलग मागितलं की दर थोड्या वेळाने गाडी बदलते.

फुकटचा_सल्लागार · सकाळी ९:५८

नळाचा मुद्दा मान्य. बाकी मी अजूनही म्हणतो, संवाद.

कानसेन_बडोदा · सकाळी १०:४०

रेवाताई, आता रेकॉर्डिंगचं.

फोनवर करणार असाल तर आधी साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर विसंबू नका. तो आवाज कमी-जास्त स्वतःच करत राहतो आणि सलग घरघर म्हणजे गोंगाट समजून दाबून टाकतो. तुम्हाला नेमकी तीच घरघर हवी आहे. ज्या ॲपमध्ये हे दोन्ही बंद करता येतं ते घ्या. शक्य असेल तर हातात मावणारा वेगळा रेकॉर्डर भाड्याने आणा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि पातळी अशी की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. दार आपटताना हमखास वर जातं, ते वेगळं घ्या.

रेकॉर्डर डॅशबोर्डवर ठेवू नका. तिथे गाडी ऐकू येत नाही, फक्त डॅशबोर्ड थरथरतो. मागच्या सीटच्या मधोमध, घडी घातलेल्या गोधडीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. गाडीत माणसं बसवा. रिकामी गाडी पोकळ वाजते. कपडे आणि अंग बराच आवाज शोषतात. बसलेल्यांनी गप्प राहायचं, हे मात्र आधी बजावून ठेवा. इंदूरची माणसं आहेत म्हणून सांगतोय.

काचा एक तर सगळ्या बंद, नाहीतर पुढच्या दोन्ही थोड्या खाली. फक्त मागची एकच काच उघडी ठेवली की वेगात कानाचे पडदे हलतील अशी ‘धब् धब्’ सुरू होते. गाडीची पोकळी मोकळ्या बाटलीत फुंकल्यासारखी वाजायला लागते, आणि तो आवाज इतका खालचा असतो की रेकॉर्डिंगमध्ये नुसती पातळी खातो.

चालती गाडी प्रत्येक गिअरमध्ये, एकाच वेगाने, किमान दोन मिनिटं सलग. त्याशिवाय जोडकाम दिसून येतं. इंडिकेटर पूर्ण वेगळा घ्या, गाडी उभी, इंजिन बंद, बंद जागेत. एक माइक डॅशबोर्डच्या खाली फ्लॅशरजवळ, दुसरा मुलीच्या कानापाशी. वापरायचा दुसरा. पहिला फक्त धार द्यायला. आणि दोन टिका कापून त्यांचाच लूप करू नका. वायरमनदादांनी सांगितलंय की ती चाल हलती असते. तेच तर तिचं वैशिष्ट्य. दोन-तीन मिनिटांची सलग टिकटिक घ्या.

स्टिरिओमध्ये करणार असाल तर आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे हे विसरू नका. बऱ्याच संग्रहांमधल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं, त्यांचं ड्रायव्हरचं दार आणि इंडिकेटर डाव्या कानात येतो. तुमची मुलगी डावीकडे बसलीय, तिच्या कानाने ऐकायचं तर टिक उजवीकडून यायला हवी.

स्टुटगार्टस्थ · दुपारी १:१५

इकडे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो (मूळचा रामबागेतला). थोडी भर.

आजच्या गाडीत इंडिकेटरचे दिवे बहुधा अर्धवाहक स्विच लावतो-विझवतो, त्यात हलणारा भागच नाही, म्हणून आवाजही नाही. पण ड्रायव्हरला कळायला हवं की इंडिकेटर चालू राहिलाय, आणि लोकांच्या कानाला सवय रिलेची, म्हणजे चुंबकाने लोखंडी पत्ती ओढून चालणाऱ्या जुन्या स्विचची. म्हणून टिक आणि टॉक असे दोन आवाज मुद्दाम तयार करून डॅशबोर्डमागच्या छोट्या स्पीकरमधून वाजवतात. काही ठिकाणी तर निव्वळ आवाजासाठी रिले ठेवलेला होता. आमच्याकडे त्या टिकेचा पोत कसा असावा यावर बैठका होतात, आणि त्या बैठका लांबतात.

रिलेच्या आवाजातली गंमत अशी की ओढला जाताना आणि सुटताना तो वेगळा वाजतो. ओढताना लोखंडावर लोखंड आपटतं, सुटताना स्प्रिंग परत नेते. म्हणून टिक-टॉक, टिक-टिक नव्हे. रेवाताईंना जो ‘गजरासारखा’ वाटला तो आवाज बहुधा असाच स्पीकरचा असणार, प्रत्येक टिक आधीच्या टिकेची हुबेहूब नक्कल.

बल्ब गेल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागतो, तो इशारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवाल्या गाड्यांतला. नव्या गाड्या एलईडी असूनही तोच इशारा प्रोग्रॅम करून देतात.

वायरमन_महूनाका · दुपारी १:५०

बरोबर. डबीवाल्यात बल्ब गेला की भराभर होत नाही, उलट चाल बिघडते आणि डॅशबोर्डचा बल्ब नीट लुकलुकत नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, ‘इंडिकेटर झोपून राहिलाय.’

जुनी_श्रोती · सायंकाळी ५:२०

मुलांनो, वाचून फार मजा आली. मी तरुणपणी मालवा हाऊसला, म्हणजे आपल्या आकाशवाणी इंदूरला, नाटकांमध्ये आवाज दिले आहेत. गाडीचा प्रवेश म्हणजे दोन खुर्च्या जवळजवळ, आणि दार म्हणून एक खरंच छोटं दार, कडी-कोयंड्यासकट, स्टुडिओत ठेवलेलं असे. इंजिनाचा आवाज तबकडीवरून येई.

आमचे निर्माते एक गोष्ट कायम पाळायचे. गाडी सुरू झाली की आवाज पुरता ऐकवायचा, माणसं बोलू लागली की हळूहळू खाली न्यायचा, इतका की नंतर तो आहे की नाही तेही कळू नये. ऐकणाऱ्याच्या मनात गाडी चालूच राहते. मग वळण आलं, ब्रेक लागला, की पुन्हा वर. आजकालच्या श्रुतिकांत आवाजांची इतकी गर्दी असते की माणसं त्यातून वाट काढत बोलतायत असं वाटतं. तुझी टिकटिक मला आवडली, पण ती पाच मिनिटं सतत वाजवू नकोस गं. कान विटतो.

कानसेन_बडोदा · सायंकाळी ६:०२

काकू, तुमच्या पद्धतीबद्दल आदर आहे, पण इथे मी वेगळं म्हणेन. मध्यम लहरींवर खरखरीसकट ऐकणाऱ्याला आवाज काढून घेतलेला कळायचा नाही. आज निम्मे लोक कानात घालून ऐकतात. त्यांना आवाज अचानक विरळ झाला की गाडी सोडून स्टुडिओत आल्यासारखं वाटतं. चालत्या गाडीचा थर हळू असला तरी सलग राहायलाच हवा. टिकटिकीबद्दल मात्र तुमचं बरोबर असू शकतं.

जुनी_श्रोती · सायंकाळी ६:२५

स्टुडिओत आल्यासारखं वाटतं ते आवाज काढल्याने नाही रे, नट स्टुडिओत बोलल्यासारखं बोलतात म्हणून. चालत्या फियाटमध्ये कोणी कुजबुजतं का?

कानसेन_बडोदा · सायंकाळी ६:४०

हे अगदी लाखातलं बोललात. याला नावही आहे, लोंबार परिणाम. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ मध्ये मांडलं : भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने, वरच्या सुरात आणि स्वर लांबवून बोलतो. ते नंतर आवाज वाढवून आणता येत नाही. रेवाताई, नटांच्या कानात हेडफोन घाला आणि त्यातून चालत्या पद्मिनीचा आवाज बऱ्यापैकी मोठा सोडा. तो माइकमध्ये जाणार नाही, पण त्यांचं बोलणं बदलेल. इंजिन बंद व्हायच्या जागी हेडफोनमधला आवाजही कापा. दोघांचा सूर आपोआप खाली येईल, सांगावं लागणार नाही.

संवाद खऱ्या उभ्या गाडीत घेतलेत तर आणखी उत्तम. गाडीत घुमारा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही टिकत नाही, आणि काचेवरून परत येणारा आवाज फार लवकर येतो. तो बंदिस्तपणा गाद्या लावलेल्या खोलीत येत नाही. फक्त गाडी रस्त्यावर नको, बंद गॅरेजमध्ये.

लोकमान्यनगरची_रेवा · रात्री ९:१०

हेडफोनचा प्रयोग आजच घरी करून बघितला. बाप करणारे आमचे काका एरवी हळुवार बोलतात, त्यांना कितीदा ‘थोडं मोठ्याने’ म्हणावं लागतं. कानात घरघर सोडल्याबरोबर ते थेट माझ्या वडिलांसारखे बोलायला लागले, मान थोडी डावीकडे वळवून! आवाज कापल्यावर ते थांबलेच. म्हणाले, आता इथे पुढचं वाक्य लगेच येत नाही. लेखकाला आवडलं, विराम वाढवला.

टिकटिकीबाबत काकूंचं आणि कानसेनांचं दोन्ही घेतेय. चालता थर सलग ठेवणार. गाडी थांबल्यानंतर इंडिकेटर पहिलं अर्धं मिनिट स्पष्ट, मग मुलगी बोलत असताना जेमतेम ऐकू येईल इतका, आणि बापाला तो जाणवतो तिथे पुन्हा वर.

मधुरा_एस · रात्री ९:४५

परवान्याचं कोणी बोललं नाही म्हणून. स्वतः रेकॉर्ड केलेलं तुमचंच, पण बाकीचे आवाज (ट्रक, हॉर्न, रातकिडे) संग्रहातून घेणार असाल तर बघून घ्या. फ्रीसाउंडवर, बार्सिलोनाच्या विद्यापीठाचा २००५ पासूनचा संग्रह आहे तो, प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो : काही पूर्ण मोकळ्या, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही फक्त अव्यावसायिक वापरासाठी. बीबीसीने २०१८ मध्ये १६ हजारांवर ध्वनिपरिणाम खुले केले, पण तेही वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरापुरते. उद्या तुमच्या श्रुतिकेला जाहिरात मिळाली तर ‘अव्यावसायिक’ म्हणता येणार नाही. कुठली फाइल कुठून घेतली ते पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. नंतर शोधत बसणं फार कंटाळवाणं असतं.

इंदूरी_पोहेवाला · रात्री १०:१०

भिया लोक, मी एक मराठी श्रुतिका ऐकली होती, काळ १९८० चा आणि गाडी सुरू झाल्यावर सीटबेल्टचा बीप! आपल्याकडे पुढच्या सीटबेल्टची ती पिपाणी आणि ८० च्या वर गेल्यावर वाजणारा वेगाचा इशारा नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीचा झाला. १९९६ च्या पद्मिनीत काय काय नव्हतं त्याची यादी करून ठेवा : बीप नाही, रिमोटने लॉक होण्याचा आवाज नाही, पॉवर विंडोची मोटर नाही. काच हँडलने खाली जाणार, तो करकर आवाज घ्याच. आणि गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे त्याचा आवाज छातीच्या उंचीवर येतो, मांडीपाशी नाही.

लोकमान्यनगरची_रेवा · रात्री १०:३०

काचेचं हँडल संहितेतच आहे. मुलगी काच खाली करते तेव्हा बाहेरची रात्र आत येते. तो आवाज कोणता घ्यावा हा प्रश्नच आहे.

कानसेन_बडोदा · रात्री १०:५०

आत्ता घेऊ नका. श्रावण चालू आहे. रस्ता ओला, टायरची ‘सर्रर’ लगेच ओळखू येते, आणि इंजिन बंद केलंत की बेडूक आणि पावसाळी किडे. मे महिन्याच्या माळव्यातल्या रात्रीत बेडूक ओरडले तर शहाणा श्रोता तिथेच हसेल. इंडिकेटर, दारं, काच, संवाद हे सगळं बंद जागेत आत्ता उरका. चालती गाडी आणि बाहेरची रात्र दसऱ्यानंतर, रस्ते कोरडे झाल्यावर. तेव्हाही मेची कोरड पूर्ण येणार नाही, पण लांबचा ट्रक आणि एखादं कुत्रं वर ठेवलं की निभावेल.

खोडकर_बंडू · रात्री ११:०२

पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे ना, तिथे घ्या. ना हॉर्न, ना बेडूक, ना गाय.

स्टुटगार्टस्थ · रात्री ११:२०

तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे हो, श्रुतिकांना कोण आत घेणार. शिवाय डांबर इतकं सपाट की पद्मिनी खडखडणारच नाही. रेवाताईंना खड्डेच हवेत.

एक सुचवू का? पुढे नाटकात खलघाटचा नर्मदेचा पूल येत असेल तर त्याच्या सांध्यांचा आवाज जरूर घ्या. पुढचं चाक आणि मागचं चाक असे दोन ठोके येतात. पद्मिनीच्या दोन आसांत २.३४ मीटर अंतर, म्हणजे ताशी ४० च्या वेगाला दोन ठोक्यांत सुमारे ०.२ सेकंद. लांब गाडीची क्लिप लावली तर ते अंतर वाढलेलं ऐकू येतं.

लोकमान्यनगरची_रेवा · रात्री ११:३५

पूल येतो. शेवटचा प्रवेश तिथेच आहे, आणि त्यात कोणी बोलत नाही. लेखकाला निरोप दिला.

दुसरं म्हणजे, पिपल्यापाल्याकडे ओळखीतल्या एकांकडे पद्मिनी आहे, चालू स्थितीत, आणि बंद गॅरेजही. येत्या रविवारी सकाळी देतो म्हणाले. वायरमनदादा, तुम्ही याल का? आम्हाला तिच्यातलं काहीही कळत नाही.

वायरमन_महूनाका · सोमवार, सकाळी ७:५०

येतो की. दोन गोष्टी आधीच सांगतो. इंजिन बंद ठेवून इंडिकेटर वाजवायचा म्हणजे चावी ऑन ठेवावी लागेल. पॉइंटवाली गाडी आहे, म्हणजे ठिणगीसाठीचा करंट दोन पॉइंट जुळून-सुटून चालू-बंद होतो. पॉइंट जुळलेले राहिले तर इग्निशन कॉइलमधून सारखा करंट जातो आणि ती तापते, दहा-वीस मिनिटांत हात लावू देत नाही. म्हणून कॉइलला येणारी चावीची वायर काढून, टोकाला टेप लावून ठेवायची आणि मग खुशाल रेकॉर्डिंग करायचं. तुमच्यापैकी कोणी मी यायच्या आधी चावी फिरवून बसू नका.

दुसरं, मालकांना विचारा की इंडिकेटरला साधे बल्ब आहेत की एलईडी. गोल डबी दोन २१ वॅटच्या बल्बांच्या हिशोबाने बनलेली असते. एलईडीला एवढा करंट लागत नाही, त्यामुळे डबीतली तार तापतच नाही.

लोकमान्यनगरची_रेवा · सकाळी ९:१५

विचारलं. मागच्या वर्षी चारही एलईडी करून घेतलेत. मोठ्या अभिमानाने सांगितलं त्यांनी.

वायरमन_महूनाका · सकाळी ९:२२

मग फ्लॅशरही बदललेला असणार, नाहीतर लुकलुकलेच नसते. काळजी नको. जुनी डबी दुकानात पडलीय, ती आणि २१ वॅटचे चार बल्ब घेऊन येतो. काम झालं की त्यांचे एलईडी होते तसे लावून देऊ. होल्डरला गंज असला तर सोडवायला वेळ जाईल, तेव्हा नटमंडळींना दहाच्या आत बोलावू नका. आणि बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावायला सांगा. की थोडी उतरलेलीच ठेवू, कानसेनभाऊ?

कानसेन_बडोदा · सकाळी ९:४०

दोन्ही घ्या. आधी भरलेली, मग हेडलाइट अर्धा तास लावून ठेवून पुन्हा. कुठली चालते ते नटांचं बोलणं ऐकल्यावर ठरवू. फाइलींना नावं देताना ‘भरलेली’ आणि ‘उतरलेली’ असं लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणालाच ओळखू येणार नाहीत.